न्यायमूर्ती छागला : आपल्याला न पटलेला, तरी आपल्या कामी आलेला माणूस

दरवर्षी ९ फेब्रुवारी येते आणि जाते. मौलाना आझाद, डॉ. झाकिर हुसेन, अशफाकउल्ला खान यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या आपल्या शाळांत होतात, मुलं भाषणं करतात, बक्षिसं घेतात. मात्र ९ फेब्रुवारी १९८१ ला मुंबईत वारलेल्या महमदअली करीम छागला यांचं नाव आपल्या कार्यक्रमपत्रिकेत सहसा दिसत नाही. नव्या पिढीला ते माहीतच नाहीत. जुन्या माणसांना माहीत आहेत, पण नाव काढलं की कपाळाला आठी पडते. अलिगढवाला मंत्री, असं म्हणतात आणि विषय संपवतात.

आम्हाला हा विषय इतक्यात संपवावासा वाटत नाही. परराष्ट्र धोरण, लोकशाही आणि माणसाचे हक्क या तिन्ही क्षेत्रांत एकाच वेळी एवढं काम केलेला दुसरा मुसलमान महाराष्ट्रात शोधावा लागेल. त्यांच्याशी भांडायचं असेल तरी आधी त्यांनी काय केलं ते माहीत हवं.

जन्म ३० सप्टेंबर १९०० चा, मुंबईचा. घर इस्माईली खोजा व्यापाऱ्याचं. आई गेली तेव्हा मुलगा जेमतेम पाच वर्षांचा होता. घराण्याचं आडनाव मर्चंट. मुंबईत मर्चंट इतके की टपालसुद्धा चुकीच्या घरी जावं, म्हणून तरुणपणी त्यांनी ते बदललं. आजोबांना विचारलं, त्यांनी छागला हा शब्द सुचवला. कच्छी बोलीत त्याचा अर्थ लाडका. पुढे हा लाडका कुणाचा होता आणि कुणाचा नव्हता, यावर बरीच वर्षं वाद झाले.

सेंट झेवियर्समध्ये शिक्षण, मग ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात इतिहास. तिथे भारतीय विद्यार्थ्यांची मजलिस होती, तिचे ते अध्यक्ष झाले. १९२२ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. कुणाच्या हाताखाली? बॅरिस्टर मोहम्मद अली जिना यांच्या. त्या काळचे जिना म्हणजे हिंदू-मुस्लिम एकीचं नाव. तरुण छागला त्यांच्यावर फिदा होते, त्यांच्यामुळेच मुस्लिम लीगमध्ये आले आणि तिचे सचिवही झाले. १९२८ मध्ये सायमन कमिशनवर बहिष्कार घालण्यात गुरू-शिष्य बरोबर होते.

त्याच वर्षी फाटलं. मोतीलाल नेहरूंच्या समितीने स्वतंत्र भारताच्या घटनेचा आराखडा मांडला. त्यात मुसलमानांचे वेगळे मतदारसंघ काढून संयुक्त मतदारसंघ सुचवले होते. जिना परदेशात होते. ऑगस्टमध्ये लखनौला सर्वपक्षीय बैठक झाली, तिथे छागलांनी लीगच्या बाजूने आराखड्याला होकार देऊन टाकला. जिना परतले आणि नाराज झाले. अवघ्या २७ वर्षांच्या वकिलाने एवढ्या मोठ्या नेत्याच्या पाठीमागे एवढा मोठा निर्णय घेणं शहाणपणाचं होतं का, हा प्रश्न राहतोच. आमच्या मते घाई झाली. पण छागला शेवटपर्यंत त्यावर ठाम राहिले. पुढे जिना द्विराष्ट्रवादाकडे वळले तसे छागला लीगपासून कायमचे दूर गेले. कौमचा वेगळा मतदार असावा की मुसलमानाने सगळ्यांच्या बरोबरीने नागरिक म्हणून उभं राहावं, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर तेव्हा ठरलं आणि मरेपर्यंत बदललं नाही. त्यांच्या आयुष्यातल्या चांगल्या-वाईट सगळ्या गोष्टी याच उत्तरातून निघतात.

वकिलीबरोबर ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात घटनात्मक कायदा शिकवत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही त्याच महाविद्यालयात शिकवत. १९४१ मध्ये छागला हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

आता १९४६. देश अजून इंग्रजांच्या ताब्यात, पण दिल्लीत हंगामी सरकार आलेलं. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने कायदा केला की आशियाई लोकांनी ठरावीक वस्तीबाहेर जमीन घ्यायची नाही, राहायचं नाही. तिथल्या भारतीयांत गुजराती मुसलमान व्यापारी मोठ्या संख्येने होते. गांधीजींना पहिल्यांदा आफ्रिकेत बोलावणारे दादा अब्दुल्ला त्यांच्यापैकीच. भारताने हा प्रश्न नव्याने स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांत नेला. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या, आणि कायद्याची बाजू सांभाळायला न्यायमूर्ती छागला बरोबर होते.

समोर होते फील्ड मार्शल स्मट्स, दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान. गंमत बघा, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रास्ताविकात मानवी हक्कांचा शब्द येण्यात याच स्मट्स यांचा हात होता. आता मात्र ते म्हणत होते की आमच्या देशात आम्ही कुणाला कसं वागवतो हा आमचा घरगुती मामला आहे, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये. आणि शंका असेल तर प्रश्न आधी आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवा. वकिली भाषेत याला वेळकाढूपणा म्हणतात. भारताचं म्हणणं होतं की दोन्ही सरकारांत १९२७ आणि १९३२ मध्ये समझोते झालेले आहेत, शिवाय सनदेवर सही केली की वंशावरून भेद करण्याचा प्रश्न कुणाचा खासगी राहत नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेत मतदान झालं. बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. दोन तृतीयांश मतं लागत होती. एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर ठराव पडला असता.

मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा यायला अजून दोन वर्षं होती. त्याच्या आधीच, स्वतः गुलाम असलेल्या देशाच्या प्रतिनिधींनी जगाकडून कबूल करून घेतलं की सरकार आपल्या हद्दीतल्या माणसांशी कसं वागतं हे बाकीच्यांनी विचारायला हरकत नाही. घरगुती मामला या शब्दांवर छागलांचा त्यानंतर कधीच विश्वास बसला नाही. तीस वर्षांनी ते स्वतःच्या सरकारसमोर उभे राहिले तेव्हा हे दिसलं.

१५ ऑगस्ट १९४७ ला ते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. या पदावर कायम नेमणूक मिळालेले पहिले भारतीय. फाळणीची आग पेटलेली असताना, देशातल्या सगळ्यात जुन्या हायकोर्टांपैकी एकाच्या सर्वोच्च खुर्चीवर एक मुसलमान बसला आणि ११ वर्षं बसून राहिला. त्या ११ वर्षांत मुंबई सरकारला त्यांनी कितीतरी वेळा कायद्याची मर्यादा दाखवली. मोरारजी देसाईंच्या जिव्हाळ्याच्या दारूबंदी कायद्याची काही कलमं त्यांच्या खंडपीठाने रद्द केली. सरकार खवळलं, पण निकाल निकाल होता.

शिक्षक म्हणून आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९५४ चा देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचा निकाल. नाशिकजवळची ही अँग्लो-इंडियन समाजाची इंग्रजी शाळा. ६ जानेवारी १९५४ ला मुंबई सरकारने हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन किंवा बिगर-आशियाई वंशाची मुलं सोडून इतर कुणाला घ्यायचं नाही. हेतू वरवर चांगला, मुलांनी मातृभाषेत शिकावं. पण घटनेनुसार याच शाळांना अनुदान हवं असेल तर ४० टक्के जागा इतर समाजाच्या मुलांना खुल्या ठेवाव्या लागत होत्या. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. शाळा आणि ज्यांना दाखला नाकारला गेला ते पालक कोर्टात गेले. छागला आणि न्या. दीक्षित यांनी हुकूम रद्द केला. भाषेच्या किंवा वंशाच्या नावाखाली सरकारी अनुदानाच्या शाळेतून मुलाला बाहेर ठेवता येणार नाही, आणि अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीची शाळा चालवण्याचा जो हक्क आहे त्यात शिकवण्याचं माध्यमही येतं, हे त्या खटल्यातून पक्कं झालं. मे महिन्यात सुप्रीम कोर्टानेही शिक्कामोर्तब केलं. आज आपल्या मालकीची एखादी अंजुमन उर्दू शाळा चालवते, त्यात इंग्रजी तुकडी काढते, तेव्हा त्यामागे जे कायद्याचं पाठबळ आहे त्यातली एक वीट देवळालीची आहे.

दुसरा निकाल त्याआधीचा, १९५१ चा. नरसू अप्पा माळी खटला या नावाने वकिलांना तो पाठ असतो. मुंबई राज्याने हिंदूंना दुसरं लग्न करायला बंदी केली होती. आक्षेप असा घेतला गेला की मुसलमानांना परवानगी आणि आम्हाला शिक्षा, हा भेदभाव आहे, म्हणून कायदा रद्द करा. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी तो मान्य केला नाही. सुधारणा टप्प्याटप्प्याने करता येते, आणि समाजांचे व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कलमांवर घासून रद्द करता येत नाहीत, असा निर्णय दिला. आता लक्षात घ्या, छागला स्वतः समान नागरी कायद्याचे उघड समर्थक. तसं ते जाहीर बोलतही. पण खुर्चीवर बसल्यावर स्वतःची आवड बाजूला ठेवून घटनेत जे दिसलं ते लिहिलं. गेल्या सत्तर वर्षांत मुस्लिम पर्सनल लॉच्या बचावासाठी आपल्या संघटनांनी ज्या निकालांचा आधार घेतला त्यांत हा वरच्या रांगेत आहे. २०१७ च्या तिहेरी तलाकच्या खटल्यातही त्यावर चर्चा झाली. ज्यांच्या नावाने आपण नाक मुरडतो त्यांनीच लिहिलेला हा निकाल.

मराठी वाचकांसाठी आणखी एक. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या ज्या दालनात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली होती, त्याच दालनाबाहेर १९५६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ संगमरवरी शिळा लागली. तिचं अनावरण मुख्य न्यायमूर्ती छागलांनी केलं. टिळकांचं एक जुनं वकीलपत्र जिनांकडे होतं, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याशी त्यांचा संबंध इथेच येतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात आला, नागपूरचं स्वतंत्र हायकोर्ट संपलं आणि नागपूरला मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ सुरू झालं. मलकापूर, खामगाव, मेहकरची अपिलं ज्या न्यायव्यवस्थेत गेली तिचे प्रमुख छागला होते. इतकंच काय, त्या काही आठवड्यांत राज्यपालाची हंगामी जबाबदारीसुद्धा त्यांच्याकडेच होती. म्हणजे आपला जिल्हा मुंबई राज्यात आला तेव्हा राज्यपालही तेच आणि मुख्य न्यायमूर्तीही तेच. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल.

१९५८ च्या सुरुवातीला मुंध्रा प्रकरण गाजलं. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास किमतीचे शेअर घेतले होते. फिरोज गांधींनी लोकसभेत आवाज उठवला. चौकशी छागलांकडे आली. त्यांनी ती बंद खोलीत केली नाही. लोकांसमोर केली, गर्दी एवढी की बाहेर लाऊडस्पीकर लावावे लागले. महिनाभराच्या आत अहवाल तयार. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. आजच्या चौकशी आयोगांना वर्षानुवर्षं मुदतवाढ मिळते ते बघता हे सांगितलेलं मुलांना खरं वाटत नाही.

मग पंडित नेहरूंनी त्यांना वॉशिंग्टनला राजदूत म्हणून पाठवलं. यावर टीका झाली आणि ती रास्त होती. छागला तेव्हाच्या विधी आयोगाचे सदस्य होते, आणि त्या आयोगाचं म्हणणं होतं की न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदं घेऊ नयेत. अहवालावर सही करायची आणि स्वतः राजदूत व्हायचं, हे आयोगाचे अध्यक्ष मोतीलाल सेटलवाड यांना खटकलं. आम्हालाही खटकतं. सरकारला ज्याने इतकी वर्षं जाब विचारला त्याने सरकारची नोकरी धरावी, यात न्यायाधीशाचा मान थोडा कमी होतोच.

पण परराष्ट्र क्षेत्रातलं त्यांचं काम आधीच सुरू झालं होतं. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांकडून सोडवली गेली. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे असे मराठी लोक त्या लढ्यात होते. पोर्तुगालने भारतावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, की दमणहून तिकडे फौज न्यायचा आम्हाला हक्क आहे. या खटल्यापुरते भारताच्या वतीने नेमलेले न्यायाधीश होते छागला. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. सामान्य प्रवासी, अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता, आणि भारताने काही चुकीचं केलेलं नाही. छागलांनी वेगळं मत लिहिलं, त्यांना तो अर्धा हक्कसुद्धा मान्य नव्हता.

अमेरिकेतली तीन वर्षं धान्याच्या चिंतेची होती. मे १९६० मध्ये पीएल-४८० खाली १ कोटी ७० लाख टन गहू-तांदळाचा करार झाला तेव्हा वॉशिंग्टनमध्ये राजदूत तेच होते. पुढे १९६२ मध्ये लंडनला उच्चायुक्त म्हणून गेले आणि चीनच्या युद्धाचे दिवस तिथे काढले. १९६३ च्या शेवटी नेहरूंनी त्यांना शिक्षणमंत्री केलं. कोठारी आयोग त्यांच्याच काळातला. १०+२+३ असं ज्या शिडीवर आपली मुलं आजपर्यंत चढत आली ती त्या आयोगाची शिफारस.

फेब्रुवारी १९६४ मध्ये शिक्षणमंत्री असतानाच त्यांना न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत काश्मीरवर भारताची बाजू मांडायला पाठवलं. समोर पाकिस्तानचे झुल्फिकार अली भुट्टो. ऑक्सफर्डमध्ये न शिकता आलेली कित्येक मुलं दोन्ही देशांत उपाशी होती, आणि हे दोन इंग्रजी शिकलेले मुसलमान जगापुढे एकमेकांना खोडत होते. छागलांचा मुद्दा असा की धर्मावरून राष्ट्र ठरत असेल तर भारतातले कोट्यवधी मुसलमान कोण? ते तर बरोबरीचे नागरिक आहेत, म्हणून काश्मीरचा निवाडा धर्मावरून करता येत नाही.

मुद्दा बिनतोड. पण कौममध्ये तेव्हाही कुजबुज होती आणि आजही आहे, की जगाला दाखवायची वेळ आली की सरकारला मुसलमान चेहरा आठवतो. त्याच जानेवारीत कलकत्त्यात दंगल झाली होती, मार्चमध्ये जमशेदपूर आणि रूरकेला पेटलं. बाहेर बरोबरीचे नागरिक आणि घरात जळालेली घरं. ही तफावत छागलांना दिसत नव्हती असं नाही. त्यांचं उत्तर होतं की बरोबरी घटनेने दिलेली आहे, ती कोर्टात आणि संसदेत मागा, वेगळं होऊन मागू नका. ज्याचं दुकान जळालं त्याला हे उत्तर पुरत नाही, हे आम्हाला मान्य आहे.

१९६५ चं अलिगढ. विद्यापीठातल्या आतल्या मुलांसाठी ७५ टक्के जागा राखीव होत्या, त्या ५० वर आणल्या आणि असंतोष उसळला. एप्रिलमध्ये कुलगुरू नवाब अली यावर जंग यांच्यावर विद्यार्थ्यांनी हल्ला केला, ते जबर जखमी झाले. हेच अली यावर जंग पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. छागलांनी मे महिन्यात वटहुकूम काढून विद्यापीठाच्या कोर्टाचे अधिकार काढून घेतले, नेमलेल्या लोकांच्या हातात कारभार दिला. सबंध देशात मुसलमान रस्त्यावर आले. छागलांचं म्हणणं, विद्यापीठ १९२० च्या सरकारी कायद्याने झालं, कौमने स्थापन केलेलं नाही. १९६७ मध्ये अझीज बाशा खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच उचलून धरलं. ते तिथेच थांबले नाहीत. अलिगढच्या नावातलं मुस्लिम आणि बनारसच्या नावातलं हिंदू, दोन्ही शब्द काढावेत असं त्यांचं मत. बनारसचं विधेयक आलं तेव्हा तिकडेही आंदोलन झालं आणि नाव तसंच राहिलं.

इथे आम्ही छागलांच्या बाजूने नाही. सर सय्यद अहमद खान यांनी दारोदार हिंडून चंदा जमवला, त्यातून कॉलेज उभं राहिलं आणि त्याचंच विद्यापीठ झालं. कायदा सरकारचा म्हणून घरही सरकारचं, हा हिशेब गळी उतरत नाही. आणि मारहाण काही मुलांनी केली म्हणून निवडून आलेली रचनाच मोडणं ही शिक्षा फार मोठी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ अशा मतांनी अझीज बाशाचा निकाल बाजूला केला. केवळ कायद्याने अस्तित्वात आली म्हणून संस्थेचा अल्पसंख्याक दर्जा जात नाही, असं ठरवलं. देवळालीच्या शाळेला ज्यांनी न्याय दिला त्यांना अलिगढमध्ये तो धागा का दिसला नाही, याचं आम्हाला आजही नवल वाटतं.

नोव्हेंबर १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना परराष्ट्रमंत्री केलं. जेमतेम दहा महिने. जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं. गाझात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवान होते, इस्रायलच्या माऱ्यात त्यांतले काही शहीद झाले. भारताने अरबांची बाजू घेतली आणि जिंकलेली जमीन सोडा असं म्हटलं. विरोधकांनी संसदेत छागलांना धारेवर धरलं.

ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला, तो परराष्ट्र धोरणावरून नव्हे. सरकारने ठरवलं होतं की पाच वर्षांत सगळं विद्यापीठीय शिक्षण प्रादेशिक भाषांत न्यायचं. छागला म्हणत, इतक्या घाईने इंग्रजी काढली तर एका राज्यातला डॉक्टर, वकील, प्राध्यापक दुसऱ्या राज्यात परका होईल. मराठी आणि उर्दू दोन्हींत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न रोज भेटतो. उर्दू माध्यमातून दहावी झालेली मुलगी अकरावी सायन्सला जाते आणि पहिले सहा महिने इंग्रजी शब्दांच्या ओझ्याखाली दबून जाते. तिला भाषा कोणती, हे दिल्लीत पाच वर्षांची मुदत लावून सुटणारं नव्हतं. छागलांचं इंग्रजीवर जरा जास्तच प्रेम होतं, हे खरं. तरी एका मतासाठी परराष्ट्रमंत्रिपद सोडणारे किती निघतील?

६७ व्या वर्षी ते पुन्हा काळा कोट घालून सुप्रीम कोर्टात उभे राहिले. १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरकारने आपल्या पसंतीचा सरन्यायाधीश नेमला, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, हजारो लोक मिसाखाली तुरुंगात. जमाते इस्लामी आणि संघ दोन्हींवर बंदी, दोन्हींची माणसं एकाच बराकीत. छागला ७५ वर्षांचे. गप्प बसले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं. ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला नागरी स्वातंत्र्य परिषद झाली. गुजरातेत तेव्हा काँग्रेसविरोधी जनता मोर्चाचं सरकार होतं, म्हणून ती होऊ शकली. तिथे छागलांनी आणीबाणीवर सरळ हल्ला चढवला. ‘भूमिपुत्र’ या गुजराती सर्वोदयी पत्राने ते भाषण छापलं म्हणून त्याच्यावर कारवाई झाली. प्रकरण गुजरात हायकोर्टात गेलं आणि सेन्सॉरने मर्यादा ओलांडली असं कोर्टाने सांगितलं.

त्याच महिन्यात मुंबईत वकिलांनी नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य या विषयावर खासगी सभा ठरवली. उद्घाटन छागलांनी करायचं, अध्यक्ष माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा. जागा जिना हॉल. १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डनच्या विरोधात उभं राहिल्याबद्दल मुंबईकरांनी वर्गणी काढून ज्या जिनांच्या नावाने ते सभागृह बांधलं, ते छागलांचे गुरू. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. ज्याने ११ वर्षं मुंबई हायकोर्ट चालवलं त्याने चार भिंतींच्या आत वकिलांसमोर कायद्यावर बोलणं म्हणजे शांततेला धोका! वकील हायकोर्टात गेले. न्या. तुळजापूरकर आणि न्या. गाडगीळ यांनी पोलिसांचा हुकूम रद्द केला. आणीबाणी चालू असतानाही सरकारी धोरणावर शांतपणे टीका करण्याचा नागरिकाचा हक्क संपत नाही, हे त्या निकालात आलं.

नागपूर खंडपीठानेही त्या काळात स्थानबद्धांचे अर्ज ऐकून घेता येतात अशी भूमिका घेतली. बाकी अनेक हायकोर्टांनीही तेच म्हटलं. एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने ते सगळं पुसून टाकलं. एकटे न्या. एच. आर. खन्ना वेगळे राहिले. तुरुंगात असलेल्यांत मोरारजी देसाई होते, ज्यांच्या सरकारचे हुकूम छागलांनी कधीकाळी रद्द केले होते. आता त्यांच्या सुटकेसाठी छागला बोलत होते.

आपल्या वस्त्यांत आणीबाणीची आठवण वेगळी आहे. नसबंदीची सक्ती, दिल्लीत तुर्कमान गेटला चाललेले बुलडोझर. तेव्हा ज्यांची घरं पडली त्यांच्यासाठी कोण बोलत होतं, हे विचारताना अलिगढमुळे यादीतून खोडलेलं हे नाव पुन्हा लिहावं लागतं.

१९८० च्या डिसेंबरात नव्या भारतीय जनता पक्षाच्या मुंबईच्या पहिल्या अधिवेशनाला ते पाहुणे म्हणून गेले. आणीबाणीतल्या सोबतीचा तो परिणाम असावा, पण आपल्या लोकांना तो रुचला नाही. दीड महिन्यात, हृदयविकाराने ते गेले. १९८५ मध्ये मुंबई हायकोर्टात मुख्य न्यायमूर्तींच्या दालनाबाहेर त्यांचा पुतळा बसवला गेला. त्यांचे चिरंजीव इक्बाल छागला नामांकित वकील झाले, आणि नातू रियाज छागला त्याच हायकोर्टात न्यायमूर्ती झाले.